काबुघो आत्यानं मीठ सोडलं

फावड्याचा पहिला घाव काबुघो आत्यानं स्वतःच्याच मिठाच्या वाफ्याच्या बांधावर घातला. मी शेजारच्या वाफ्यात, गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी होते. मला वाटलं बांध दुरुस्त करतेय. पण ती माती आत ढकलत होती. तीन आठवडे उन्हात धरलेलं पाणी, वर मिठाची पांढरी साय आलेली, आणि त्यात काळा चिखल.

"आत्या, येड लागलंय का तुला?"

"लागलं असेल. तू तुझं बघ, बीरा."

मी फावडं ओढलं. तिनं परत ओढलं. साठीची बाई, पण चाळीस वर्षं मीठ उपसलेले हात, मी हरले. दुपारपर्यंत तिनं चारही बांध पाडले आणि फावडं तिथंच टाकून घरी गेली.

आमच्या कात्वे गावच्या खाऱ्या तळ्यात जिचा स्वतःचा वाफा असतो तिला कुणापुढं वाकायला लागत नाही. आत्याला तो तिच्या आईकडनं मिळाला होता. नवरा मोठ्या सरोवरावर मासे धरायला गेला तो तिकडंच दुसरीसोबत राहिला. आत्या म्हणायची, गेला तर गेला, वाफा थोडाच घेऊन गेला. त्या वाफ्यावर तिनं पोरगी मुसोकी वाढवली, नंतर मलाही, भावाच्या पोरीला. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी मला धुतलं. आत्यानं एवढंच विचारलं, उद्यापासनं येतेस का.

तिच्या गळ्यात आंब्याएवढी गाठ होती. तिच्या आईलाही होती. उकिरड्यावर गळ्याला पिशवी लोंबणारा करकोचा उभा असतो, तळ्यावरची माणसं तिला त्याच नावानं चिडवायची. ती म्हणायची, "आहेच मी करकोचा. तुझे मासे झाकून ठेव." दवाखान्यातली सिस्टर सांगून सांगून दमली, तळ्याचं कच्चं मीठ खाता, त्यात आयोडीन नाही, पुड्यातलं घ्या. आत्या हसायची. मिठानं होत असतं तर सगळ्या कात्वेच्या गळ्यात पिशव्या नसत्या का?

मग मुसोकीला पोरगा झाला, बालुकू. चालायला लागल्यापासनं तो आत्याजवळ बांधावर बसायचा. ती बोटावर मीठ घेऊन त्याला चाटवायची आणि तो डोळे घट्ट मिटून असं तोंड करायचा की आसपासच्या बायका काम थांबवून हसायच्या. लगेच परत बोट मागायचा.

अडीच वर्षांचा झाला आणि खोकायला लागला. दवाखान्यात न्यूमोनियाचं औषध दिलं, दोनदा. मग टीबीचं. एक दिवस ओठ निळे पडले तेव्हा आम्ही तिघी त्याला घेऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो. फोटोत त्याच्या छातीची एक बाजू सगळी गाठीनं भरलेली होती. तिथला डॉक्टर शांत माणूस. त्यानं पोराला तपासलं आणि मग आत्याचा गळा चाचपला. मुसोकीचा, माझाही. आणखी कुणाला होती अशी गाठ, विचारलं. पोराचं आणि आम्हा तिघींचं रक्त घेतलं, म्हणला कळायला वेळ लागेल, मी सांगेन.

बालुकू नवव्या दिवशी गेला. परतीच्या गाडीत आत्यानं त्याला मांडीवरच घेतलं होतं.

माती दिल्यावर, चौथ्या दिवशी, चुलीपाशी बसून ती बोलली. डॉक्टरनं पोराची छाती सोडून माझा गळा का बघितला? म्हणजे माझ्या गळ्यात आहे तेच त्याच्या छातीत होतं. मला ते मिठानं झालं, सिस्टर वीस वर्षं बोंबलतेय. "आणि मी त्याला रोज माझ्या बोटानं चाटवलं."

मी म्हणलं, असं काही नसतं. कसं नसतं, तिनं विचारलं. मला सांगता येईना. शाळा सोडल्याचं तेवढ्या एकाच वेळी मला वाईट वाटलं. मुसोकी भिंतीला टेकून बसली होती. दुसऱ्या दिवशी आत्यानं वाफा मोडला.

त्यानंतर तिनं मीठच सोडलं. कसाव्याच्या पिठाचा गोळा अळणी, मासा अळणी, पाला अळणी. तळ्यावर जाऊन आयांना सांगायची, पोरांना इथं बसवू नका. बायकांना ते कसं आवडणार, त्यांचं पोट त्यावर. एक जण म्हणली, नातू खाल्ला आणि आता आमचा धंदा खाते. मी तिच्या डोक्यावर मिठाचं घमेलं ओतलं. पंचायतीत मला माफी मागायला लावली. मी मागितली नाही. आत्यानंच माझ्या वतीनं मागितली.

दोन वर्षांनी ती तापानं गेली, तीन दिवसांत. शेवटल्या दिवशी मला म्हणली, "वर बालुकू भेटला तर त्याला काय सांगू गं?" मी म्हणलं, गप पड, काही वर जात नाहीस. हे तिच्याशी माझं शेवटचं बोलणं.

पुढल्या वर्षी माझ्या गळ्यात वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. मी एकटीच शहरात गेले. तोच डॉक्टर. त्यानं मला कागदावर चित्र काढून सांगितलं. शरीरात फार बारीक तुकडे असतात, मायक्रोआरएनए म्हणतात. मूल पोटात असल्यापासनं ते सांगत राहतात, इथं वाढ, इथं आता पुरे. ते तुकडे कापून तयार करणारी एक कात्री असते. आमच्या घराण्यात ती कात्रीच बिघडलेली जन्माला येते, सगळ्यांत नाही, काहींत. मोठ्यांना गळ्यात गाठ होते, एखाद्या लहानग्याला फुफ्फुसात. माझ्यातही ती आहे, मुसोकीतही.

"आणि मीठ?" मी विचारलं.

"मिठाचा काय संबंध?" तो म्हणला. मग माझ्याकडं बघून म्हणला, पण हे मी तुमच्या मुसोकीला फोनवर केव्हाच सांगितलंय. सगळ्यांना घेऊन ये म्हणलं होतं.

मी गाडीतनं उतरले ती सरळ मुसोकीच्या दारात. भांडायलाच गेले होते. ती धुणं पिळत होती, पिळतच राहिली.

"आई मिठाला दोष देत होती," ती म्हणली. "मी काय सांगायचं होतं तिला? तुझ्यातनं माझ्यात आलं आणि माझ्यातनं त्याच्यात? मीठ तरी सोडता येत होतं तिला."

मला तिला मारायचं होतं. मी दुसऱ्या बाजूनं चादर धरली आणि आम्ही दोघींनी ती पिळली.

पुढल्या तपासणीला मी डॉक्टरला त्या फोनची तारीख विचारली. त्यानं वहीत बघून सांगितली. त्या तारखेनंतर आत्या चौदा महिने अळणी जेवली.