जोडीसरांचं कपाट

हॉस्पिटलात कुजबुज अशी होती की, भाषेचे मास्तर जोडीसर आणि मेट्रनबाई यांचं आतून काहीतरी होतं, ते बिनसलं, आणि बाईंनी डूख धरून सरांची नोकरी घालवली. लाँड्रीपासून शवागारापर्यंत सगळीकडे ही बातमी चघळली गेली. शवागारात तेवढं कुणी उलट विचारलं नाही.

सरांकडे एकदा नीट बघितलं असतं, तर ही अफवा जन्मालाच आली नसती. बुटका देह, त्यावर पोटापर्यंत लोंबणारा टाय, आणि ज्ञान एवढं की ते तोंडातून थुंकीसकट बाहेर पडायचं. परमुलखातून कामाला आलेल्या आयांना इथली भाषा शिकवायला त्यांना वर्षासाठी नेमलेलं. तेही मेव्हण्याच्या वशिल्यानं.

"माणसाचं डोकं म्हणजे कपाट!" सर पहिल्याच तासाला बजावायचे. "शब्द जोडीनं ठेवायचे, मोज्यांसारखे."

म्हणून एका तासाला गरम-थंड, दुसऱ्याला उघडा-बंद, तिसऱ्याला वर-खाली. फळ्यावर जोड्या कशा देखण्या दिसायच्या! आयांच्या डोक्यात मात्र दोन्ही नवखे शब्द एकाच दिवशी, एकाच वेषात शिरायचे, आणि जुळ्या भावांसारखे पुढे जन्मभर एकमेकांच्या नावाला ओ द्यायचे. पण हे दिसायला फळ्याकडून तोंड वळवावं लागतं. सरांना ती सवय नव्हती.

वर्ष सरलं. सरांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मेट्रनबाई वर्ग बघून ठरवणार होत्या.

"आज तरी जरा कमी बोला," सकाळी बायको म्हणाली. "माझ्या दादाला तोंडघशी पाडू नका."

"तुझ्या दादाला भाषेतलं काय कळतं?" म्हणत सरांनी टाय आवळला.

वर्गात आल्यावर बाईंनी फळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरळ वर्गातल्या सरावाच्या खाटेवर आडव्या झाल्या. "समजा, मी पेशंट. चालेल ना, सर?"

"खुशाल! वाट्टेल ते विचारा."

"डोकं वर करा," बाई आयांना म्हणाल्या.

दोघी आया तत्परतेनं खाटेची उशाकडची बाजू हलवायच्या हँडलला भिडल्या. बाईंचं डोकं खाली गेलं.

"अगं वर! वर!"

आणखी खाली. बाईंची टोपी घरंगळली, पाय छताकडे निघाले.

"जोडी आठवा, जोडी!" सर किंचाळले. जोडी तर बिचाऱ्यांना चोख आठवत होती. त्यातला कुठला कोण, एवढंच कळत नव्हतं.

"आई गं! मान! दुखतंय!"

दोघींनी हँडल जागच्या जागी सोडलं. एकीनं मानेखाली हात घातला, दुसरीनं उशी सरकवली. "कुठं दुखतंय? इथं?" शब्द अगदी खणखणीत.

बाई उठून बसल्या. "हा शब्द बरा पक्का केलात हो."

"छे! मी नाही शिकवला," सर दुखावले. "त्याची जोडी नीट जुळत नाही, म्हणून गाळला. वॉर्डात पेशंट कण्हतात, तिथून उचलला असेल यांनी."

"असं होय," बाई टोपी चढवत म्हणाल्या, आणि निघून गेल्या. सर टाळ्यांची वाट बघत उभे.

बाईंचं आणि सरांचं कधीच काही नव्हतं. ज्यांना रोज पेशंटची खाट हलवायची, त्या आयांना सरांनी वर आणि खाली एकाच तासाला शिकवलं, म्हणून बाईंनी त्यांना कायम केलं नाही.