टॉकीजच्या दाराची चावी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही — देवापुढे मी नेहमी दुसरंच काहीतरी मागत बसलो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सांगतो.

आमचं गाव वरवट बकालच्या थोडं पुढे. गावात पत्र्याची एक टॉकीज होती. चाळीसेक वर्षांपूर्वी ती जळाली आणि आत बायका होत्या, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी संक्रांतीनंतर, त्याच तारखेला, आम्ही त्या जागेवरच्या दगडापाशी जमतो. एकेक नाव वाचलं जातं, त्या घरचं माणूस पुढं येऊन दगडावर तिळगूळ ठेवतं. नावं मी वाचतो. मीच का? माझी बहीण विमल त्यात गेली म्हणून. आणि आवाजही बरा आहे माझा — लोक रडतात.

हळदीकुंकवाच्या दिवसांत दुपारचा एक खेळ फक्त बायकांचा असायचा. टवाळ पोरं आत घुसू नयेत म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावायची आमच्याकडे रीत. कुलूप लावून तिथंच बसायचं. त्या वर्षी सिनेमा लावणाऱ्या ऑपरेटर वामननं ते काम ऐनवेळी माझ्यावर सोपवलं; आम्हा दोघांखेरीज कुणाला ते ठाऊक नव्हतं. मी चावी खिशात टाकली आणि चावडीपाशी पत्ते खेळायला गेलो.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पण पुढचं?

धूर दिसला तसा सगळ्यांबरोबर मीही धावलो. आतून दारावर थापा पडत होत्या. पत्रा तापला होता, फटीतून जाळ बाहेर येत होता. कुणीतरी ओरडलं, चावी कुणाकडे? माझा हात खिशातच होता. चावी बोटांत होती. आणि मी ओरडलो, "चाबी आपरेटरजोळ हाये!"

माझ्याकडे आहे म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, उघड मग. मला भाजायची भीती वाटली. दुसऱ्याच्या हातात तरी देता आली असती ना? आली असती — पण मग मी दार सोडून गेलो होतो, हे उघडं पडलं असतं. एवढा सगळा विचार मी त्या थापा ऐकता ऐकता केला. विमल आत आहे, हे मला माहीत होतं. लोक मागे, ऑपरेटरच्या खोलीच्या शिडीकडे धावले. परत येऊन त्यांनी पहारीनं पत्रा फोडला, तोवर थापा थांबल्या होत्या.

ऑपरेटर वामन त्याच्या खोलीच्या खिडकीतून बायकांना वर ओढत होता. तीन-चार जणी त्याच्यामुळे वाचल्या, तो स्वतः मात्र जळून गेला. ते माझ्या पथ्यावर पडलं. चावी मी विहिरीत टाकली. वाचलेल्या बायका त्याच्या बाजूनं बोलल्या, तर लोक म्हणाले, चावी होती तर खाली येऊन दार का नाही उघडलं? मीही म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो. ज्याची बहीण गेली त्याच्यावर कोण शंका घेणार?

वामनचं नाव दगडावर कोरलं नाही. एका वर्षी त्याची बायको शांता पदराआड तिळगूळ घेऊन आली. नवऱ्याचं नाव घ्या, एवढंच म्हणाली. मी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "कुलूप लावनाऱ्याचं नाव घ्याचं काय आता?" माझ्या आईनं तिच्या हातावर फटका मारला. शांता मातीतून लाडू वेचू लागली आणि — हे सांगायला जड जातंय — मला बरं वाटलं. तिला तसं वाकलेलं पाहून वाटलं, दोष खरंच त्याचाच असणार.

यंदा ती पुन्हा आली. म्हातारी झाली आहे, कानांनी अधू. कार्यक्रम संपून लोक पांगले तरी बसून होती. मी नावांचा कागद घडी करत होतो, तेव्हा नवऱ्याचं विचारायला जवळ आली.

"भाऊ, याइचं नाव घेतलं काय? मले आता आयकू येत नाही."

आजूबाजूला कुणी नव्हतं. निदान तिला तरी सांगता आलं असतं.

"हाव, घेतलं," मी तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणालो.

तिनं दगडावर तिळगूळ ठेवला. मग वळून, वाकून, माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.