वाळू मारली आणि वजन वाढलं

“परत ठेव,” मी म्हटलं.

इम्तियाजने चिमट्याने तुकडा उचलला, तराजूचं काचेचं दार उघडलं, तुकडा नीट मधोमध ठेवला, दार लावलं. आकडे थरथरले आणि थांबले. वजन वाढलेलंच होतं.

यात घाबरण्यासारखं काय, ते सांगते. रत्नागिरीच्या एमआयडीसीत आमची मटेरियल टेस्टिंगची छोटी लॅब आहे. विमानाचं इंजिन प्रचंड हवा ओढतं. हवेबरोबर धूळ येते, वाळू येते. ती आतल्या भागांवर आपटून त्यांना झिजवते. याला आम्ही इरोजन म्हणतो. इंजिनातल्या खूप तापणाऱ्या काही भागांसाठी आता धातूऐवजी सिरॅमिक कंपोझिट वापरतात. नुसतं सिरॅमिक कपबशीसारखं फुटतं, म्हणून त्यात सिरॅमिकचेच धागे घालतात. मातीच्या भिंतीत पेंढा घालतात तसे. वरून एक पातळ कोटिंग. आमचं काम सोपं. तुकड्याचं वजन करायचं, दाबाच्या हवेने त्यावर बारीक वाळू मारायची, परत वजन करायचं. जेवढं कमी भरलं तेवढी झीज.

कमी भरलं तर.

आणि नेमक्या त्या दिवशी क्लायंट समोर उभ्या होत्या. कुलकर्णी मॅडम, मूळच्या पुण्याच्या, आता बंगळुरूच्या एका कंपनीत कोटिंगचं काम बघतात. ही ट्रायल पसंत पडली तर त्यांचं सगळं टेस्टिंग आमच्याकडे येणार होतं. नाही पडली तर हा विभागच बंद, असं आमच्या सावंत सरांनी सांगून ठेवलं होतं. विभाग म्हणजे मी आणि इम्तियाज. मी लांज्याची. पुण्यातली नोकरी सोडून मोठ्या हौसेने घराजवळ आले होते.

मॅडमनी आकडा बघितला. “अहो, मी तुकडा झिजवायला दिला होता. तुम्ही तो पोसलात.”

सर लाल झाले. आम्ही प्रमाणित वजन ठेवून तराजू तपासला. बरोबर. वाळू न मारलेला तुकडा ठेवला. त्याचं वजन सकाळी होतं तेवढंच.

“तुकड्यात वाळू रुतली असणार,” सर म्हणाले. “धुवा.”

आमच्याकडे अल्ट्रासोनिक क्लीनर आहे. पाण्याचं छोटं टाकं, ते थरथरून घाण सोडवतं. तुकडा धुतला, पुसला, वर हवा मारली, परत ठेवला.

वजन आणखी वाढलं.

मॅडमनी चष्मा काढला. “आता तर बाळसं धरलंय यानं.”

इम्तियाजच्या नाकातून फुर्रकन आवाज आला. मी ओठ चावले. नोकरी चाललीय आणि हसू येतंय, असली विचित्र अवस्था. सर फोनचं निमित्त काढून बाहेर गेले.

काहीतरी करायचं म्हणून मी तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. वाळू आपटली त्या जागेवरचं कोटिंग उडालं होतं. खाली नुसती भोकं. इम्तियाजने डोळा लावला.

“अगो, हा तर चिरा दिसतोय!”

चिरा म्हणजे आमचा जांभा दगड. भोकाभोकांचा. पावसाळ्यात किती पाणी पितो ते इथे सगळ्यांना ठाऊक.

“सादळलाय!” मी ओरडले.

“कोण?” मॅडम दचकल्या.

“तुकडा! कोटिंग होतं तोवर तोंड बंद होतं. आपण वाळू मारून ते उघडलं. त्यानं शेडमधली ओल पिऊन घेतली. वर आपण त्याला धुतला!”

“नुसत्या हवेनं एवढा फरक? आमच्याकडे कधी पडला नाही.”

“मॅडम, तुमच्याकडे बंगळुरू आहे. इथे श्रावण आहे आणि समुद्र आहे.”

त्यांना पटेना. मॅडमना द्यायला सरांनी तळलेले गरे आणून ठेवले होते. मी पाकीट फोडलं आणि फणसाचा एक कुरकुरीत गरा तराजूवर ठेवला. लॅबमध्ये खायला बंदी आहे, पण हे सॅम्पल होतं.

चौथ्या दशांशाचा आकडा हलला. मग चढला. परत चढला.

“वाढला!” इम्तियाज म्हणाला.

“थांबा, थांबा,” मॅडम वाकल्या. “अहो, खरंच चढतोय!”

मग आम्हाला हसू आवरेना. प्रत्येक आकड्याला इम्तियाज शेवटच्या ओव्हरची कॉमेंटरी करत होता आणि मॅडम टाळ्या पिटत होत्या. दार उघडून सर आत आले तेव्हा आम्ही तिघं एका गऱ्याभोवती डोळे पुसत उभे होतो.

“काय चाललंय?”

“श्श!” मॅडम म्हणाल्या. “वाढतोय!”

त्यानंतर सगळे तुकडे ओव्हनमध्ये वाळवले आणि डेसिकेटरमध्ये गार केले. डेसिकेटर म्हणजे झाकणाचं काचेचं भांडं, तळाशी ओल शोषणारे दाणे. मग वजन केलं. कमी भरलं! इम्तियाज नाचला, पण दाराबाहेर जाऊन. पावलांनी तराजू हलतो.

मॅडमनी मात्र आकडा दोनदा वाचला. झीज त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती. कोटिंग फार लवकर उडत होतं.

“वाईट झालं का?” मी हळूच विचारलं.

“इथे कळलं, हे उत्तम झालं,” त्या म्हणाल्या. “उडत्या विमानात कळायला नको होतं.” आणि उरलेले गरे त्यांनी पर्समध्ये टाकले.

त्यांच्या कंपनीने कोटिंग बदललं. नव्या कोटिंगचे तुकडे आमच्याकडेच आले, आणि अजून येतात. तुकडा वाळवल्याशिवाय आता कोणी तराजूला हात लावत नाही.

तराजू खोटं बोलत नाही म्हणतात, ते खरं आहे. पण त्याला वजनापलीकडे काही कळतही नाही. झीज आम्ही विचारत होतो. तो बिचारा वजन सांगत होता.