वाळूसाठी सोडायची हवा

गेला महिनाभर आमच्या खिडकीखाली शेजारच्या दिलीपची कॅम्परव्हॅन उभी होती. आत पलंग, ओटा, बेसिन. म्हणजे घरच, फक्त चाकांवरचं. रोज संध्याकाळी तो आणि त्याची बायको बॉनेटवर नकाशा पसरून राजस्थानच्या वाळवंटात गाडी कुठून उतरवायची ते ठरवत बसायचे, आणि मी पडद्याआडून जळत बसायचो.

"वाळूत टायरमधली हवा थोडी सोडायची, काका. मग गाडी रुतत नाही," त्याने एकदा मला समजावलं. मी मान डोलावली. माझ्या गाडीत मी दर रविवारी नेमाने हवा भरून आणतो, आणि ती मंडईपलीकडे जात नाही. सगळा जन्म हवा बरोबर आहे ना, हे बघण्यात गेला. जिथे ती सोडावी लागेल, असा रस्ता कधी धरलाच नाही.

आज सकाळी ते निघाले. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, म्हणून माझी बायको वाटी घेऊन खाली आली. दिलीपच्या तळव्यावर चमचाभर घातलं, त्याच्या बायकोच्या तळव्यावर घातलं, आणि मग ती थांबली.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?"

माझाही हात पुढे झाला होता.