मामाच्या गालातला पाव

मामाचा डावा गाल सदा फुगलेला असे. नवख्या माणसाला वाटे, विडा आहे. विडा नव्हता, तंबाखूही नव्हती. तो साहेबाच्या बंगल्यावरचा शिळा पाव होता, आणि मामा तो खात नसे, नुसता चघळत बसे. पुरता भिजला की तळहातावर काढी, त्यात चिमूटभर हिंग आणि कापसाचा पुंजका घाली आणि मळून मासे धरायच्या गळासाठी बोराएवढ्या गोळ्या करी. तोंडापासून हातापर्यंत लाळेची तार लोंबत राही. हे लिहितानाही, मुलांनो, लेखणी ठेवून मी हात धुऊन आले.

आजी टोस्टला हात का लावत नाही, असं तुम्ही इतक्या दुरून विचारलंत, म्हणून सगळं क्रमानं सांगते. आमचं गाव बाळापूरजवळ, मन नदीच्या काठी. आम्ही माळी, वडिलांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मामा आईचा धाकटा भाऊ. त्याची बायको लवकर वारली, तेव्हापासून तो आमच्याकडेच राही. तेव्हा अमेरिकेत लढाई चालली होती आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. मामा कापसाची गाडी घेऊन अकोल्याला जाई, कापूस घेणाऱ्या साहेबाच्या खानसाम्याला वांगी देई आणि बदल्यात शिळा पाव आणी. घरी सांगे, शिळी भाकर आहे. खरं काय ते मलाच ठाऊक होतं, कारण गाडीतल्या पोत्याखाली तो पांढरा पाव मी पाहिला होता.

लपवण्याचं कारण तुम्हाला आज पटणार नाही. त्या काळी पाव म्हणजे बाटवणारी वस्तू. पाणवठ्यात कोणी पाव टाकला आणि लोक ते पाणी प्याले, तर सगळं गाव बाटलं, असं माणसं मनापासून मानीत. मामाही मानी. मग तोंडात कसा घालतोस, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं गिळण्या-चघळण्याचा आपला कायदा सांगितला. "गियलं तं खाल्लं, माय. चघयलं तं काय खाल्लं?" आणि नदीच्या ज्या डोहात तू गळ टाकतोस, त्याचंच पाणी गाव पितं, त्याचं काय? तर म्हणे पाव पाण्यात पडतच नाही, मासोळीच्या पोटात पडतो.

आई म्हणे, भाकर पाण्यात मळ की बाबा. त्याचं उत्तर ठरलेलं: "पान्यानं इरते. मासोयीले मानसाच्या तोंडचा वास लागते." पुढे तुमच्या आजोबांनी मला इंग्रजी शिकवलं, तेव्हा एका पुस्तकात गळ टाकण्यावरचा धडा आला. त्यातला साहेबही पावाचंच आमिष लावतो, पण बोटांनी मळतो. लाळेचा उल्लेख कुठंच नाही. मी तो धडा पुन्हा पुन्हा वाचला.

उरलेल्या गोळ्या तो धोतराच्या कनवटीला बांधून ठेवी. त्यांना आंबूस वास सुटे, मुंग्या लागत. त्याच बोटांनी तो आम्हा बहिणींना बत्तासे देई. थोरली सरू ते लगेच तोंडात टाकी. मी माझा गोठ्यामागे पुरत असे. सरूला त्यानंच खांद्यावर खेळवून मोठं केलं होतं. तिला त्याच्यात काही घाण दिसतच नसे.

सरूचं एक लग्न ठरून मोडलं होतं. दुसरं स्थळ अंजनगावच्या पानमळेवाल्यांकडून आलं. हेही मोडलं असतं तर तिला पुन्हा कोणी मागणी घातली नसती, हे आई रोज बोलून दाखवी. नवऱ्या मुलाचा बाप कुंकू लावायला आला. आधी पाय धुवायला डोहावर गेला, तर तिथं मामा गळ टाकून बसलेला. पाहुण्यानं अमरावतीच्या बाजारात साहेबलोकांचा पाव पाहिलेला होता; गळावरचा गोळा त्यानं ओळखला. तो वर आला आणि समोर ठेवलेल्या तांब्याला शिवला नाही.

"तुमच्या डोहात पाव पडून राह्यला," तो वडिलांना म्हणाला. "हे पानी आमी नाही पेत."

दाराआड आईनं सरूचा हात घट्ट धरला. तेवढ्यात मामा ओल्या पायांनी आला. "जवारीची भाकर हाये ते, इवाई. गरिबाच्या मासोयीले पाव कोन देते?"

"भाकर असन तं खाऊन दाखवा."

मामानं कनवट सोडली. गोळा दोन दिवसांचा, करडा, एका अंगानं हिरवट. त्यातून कापसाचे तंतू बाहेर आलेले, एक मुंगी फिरत होती. त्यानं दाराकडे, सरूकडे एकदा पाहिलं, गोळा तोंडात टाकला आणि गिळला. कापूस घशात अडकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, मान ताठ झाली, ओठाला एक तंतू चिकटून राहिला. मग खाकरून म्हणाला, "मीठ कमी हाये."

पाहुणा हसला आणि गटागटा पाणी प्याला. सरूला कुंकू लागलं. मी गोठ्यामागे जाऊन ओकले.

त्या संध्याकाळी मामा पंगतीत बसला नाही. पोट बिघडलं म्हणून पत्रावळ घेऊन बैलांजवळ गेला. लग्नातही तिथंच जेवला. पुढे लढाई संपली, कापसाचा भाव पडला, साहेबाचा बंगला रिकामा झाला. गळ तर त्यानं कधीच टाकून दिला होता. पण बैलांजवळची जागा त्यानं सोडली नाही. मी वाढायला गेले की पत्रावळ पुढे सरकवी आणि हळूच म्हणे, "वरून टाक माय, लागू देऊ नको." सरू माहेरी आली की भांडे: आमच्यासंग जेवाले लाज वाटते काय? तो नुसता हसे. गिळला तो पावच होता हे कुणाला सांगू नकोस, अशी त्यानं मला शपथ घातली होती.

शेवटच्या तापात सरू अंजनगावहून धावत आली. तिनं त्याच्या तोंडाशी भांडं धरलं, तर त्यानं ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी भांडं घेतलं आणि उंचावरून, ओठांना लागू न देता, धार धरली. ती धार तो प्याला. मामा आपल्या हातचं पाणी प्याला नाही, हे सरूनं मरेपर्यंत मनात ठेवलं.

बरंचसं पाणी लाळेबरोबर गळ्यावर ओघळलं. ते मी पदरानं पुसलं, आणि मग तो पदर धुवायला नदीवर गेले.