न बुडालेले गुरुजी

रिक्षावाल्यानं सोडलं तिथून गल्ल्यांतून विचारत विचारत मुन्शी घाटावर आलो आणि वरच्याच पायरीवर थांबलो. समोर नदीभर माणसं. कुणी नाक धरून खाली जातंय, पोरं नावेवरून उड्या टाकतायत. डोकी दिसतायत, नाहीशी होतायत, आणि घाटावर कुणाला त्याचं काही नाही! मी फायरमन होतो. पुराच्या पाण्यातून माणसं काढण्यात उमर गेली. माझ्या लेखी पाण्याखाली गेलेलं डोकं म्हणजे एकच गोष्ट.

फौजेतून आणि अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्यांसाठी इथं शिबिर असतं. नोकरी सुटली तरी ती ज्यांच्या अंगातून सुटत नाही, त्यांना घरात राहायला शिकवायचं. मला बायकोनं पाठवलं. आमची सुमी कालव्यात पोहायला उतरली की मी कपड्यांसकट उडी मारून तिला ओढून काढायचो. "पोरगी बादलीत डोकं बुडवायलाही घाबरते आता, तुम्ही ओढून काढाल म्हणून," बायको म्हणाली. "बरे होऊन या, नाहीतर मी तिला घेऊन माहेरी जाते." मी आठवीत शाळा सोडलेला, सांगलीच्या पुढं कधी न गेलेला माणूस. तरी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचौडी-जलेबी खाऊन अमृतराव घाटावर बसलो होतो. एक म्हातारे गुरुजी छातीभर पाण्यात गेले, हात जोडले आणि खाली बसले. वर येईनात. येईचनात. पुढचं मला कळलंच नाही. बुडणाऱ्याला मागून केसांनी धरायचं, ही आमची रीत. यांना केस कुठले? शेंडी हाताला लागली. तिलाच धरून फरफटत पायरीवर आणलं आणि पालथं घालून पाठ दाबू लागलो.

"अरे सोडा! बुडत नव्हतो हो मी!" म्हातारे चक्क मराठीत ओरडले. "अघमर्षण (पाण्याखाली श्वास रोखून म्हणायचा मंत्र) चाललं होतं. अर्ध्यात काढलंत, आता सगळं परत पहिल्यापासून!"

शेजारच्या नावेतून मल्लाह (नावाडी) हसला, "का हो फौजी, पंडितजी के नहाए भी ना देबा (आंघोळही करू देणार नाही का)?" शिबिरातल्या सगळ्यांनाच तिथं फौजी म्हणतात. मला हसू येईना. माझे हात गुरुजींच्या खांद्यावरून निघतच नव्हते. बोटं एकेक करून त्यांनीच सोडवली. माझे हात आणि माझं ऐकेनात! इतका मी कधी आगीतही हादरलो नव्हतो.

गुरुजी मला दूधविनायक मोहल्ल्यातल्या आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या कैक पिढ्या तिथंच गेलेल्या. काकूंनी आमटी-भात वाढला. "संकोच करू नका, आराम से जेवा. आमच्या ह्यांची शेंडी मजबूत आहे." परमुलखात असं कुणी वाढलं की माणूस बोलता होतो. मी सुमीचं सगळं सांगून टाकलं. गुरुजी जेवायचे थांबले.

"उद्या या घाटावर. मी बुडी मारीन, तुम्ही नुसतं उभं राहायचं."

शिबिराच्या डॉक्टरीणबाई, स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या, सकाळी माझ्यासोबत आल्या. "हात मागे बांधा," त्या म्हणाल्या. "आणि श्वास सोडा. बुडी ते मारतायत, तुम्ही नाही."

गुरुजी खाली गेले. पाणी मिटलं. माझ्या तोंडून असा आवाज निघाला की पायरीवरची बाई पोराला घेऊन उठली. डॉक्टरीणबाईंनी मला धरलं नाही, हेच भयंकर होतं. मग गुरुजी वर आले, तोंडावरून हात फिरवला. "आहात का तिथंच?" मी तिथंच होतो. मटकन खाली बसलो आणि रडलो.

शिबिर संपेपर्यंत ते माझ्यासाठी रोज जादा बुडी मारत राहिले. रोज मी घाबरलो. परतीच्या गाडीत वाटलं, भीती तर सोबत चाललीच आहे. मग मी शिकलो काय?

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सुमी आम्हाला कालव्यावर घेऊन गेली. मग हळूच म्हणाली, "आप्पा, जाऊ?" बायको कालव्याच्या काठावर माझ्याकडंच बघत उभी. सुमीनं सूर मारला. मला वाटलं, मी जागचा हललोच नाही. ती पार पलीकडं वर आली, हसली. मग बायकोनं माझ्या पायांकडं बोट दाखवलं. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो.

"चालेल," बायको म्हणाली. "एवढं चालेल."