वसुलीचा शर्ट

ती घटना आठवली की आजही डोळ्यांपुढे आधी एक पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट येतो.

उदगीर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. लग्नसराई ऐन भरात होती. सकाळची हजेरी आटोपली तोच फोन आला. रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात शॉक लागून एक माणूस गेला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा पाहुणे मांडवात ताटकळले होते. मागच्या बाजूला, विजेच्या लोखंडी पेटीखाली तो पडला होता. वायरिंग आणि बोअरच्या मोटारींची कंत्राटं घेणारा, चाळिशीतला माणूस.

कार्यालयाचा मालक हात जोडून पुढे आला. "साहेब, पेटी दुरुस्त करायला मीच बोलावलं होतं. काम करता करताच झालं बघा."

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्यात मी मुद्दाम लिहून घेतलं: अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चामडी चप्पल, जवळ दुरुस्तीचं एकही हत्यार नाही. प्रेताच्या तोंडाकडे सगळेच बघतात, पोलिसाने आधी कपडे बघावेत. ही माझी जुनी सवय.

दवाखान्यात त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मालकाचं म्हणणं मी तिला सांगितलं, तशी ती उसळली.

"कामाला असा शर्ट घालतेत व्हय, साहेब? कामाला रबरी बूट अन् हत्याराची पिशवी असती. पिशवी घरीच हाय. ह्यो वसुलीचा शर्ट हाय. मळक्या कपड्यात गेलं की लोक दारातूनच वाटंला लावतेत म्हणायचे."

पुढचं तिच्याकडूनच कळलं. मालकाकडे त्याचं बिल कधीचं थकलं होतं आणि पोरीच्या कॉलेजची फी तोंडावर आली होती. कार्यालयात लग्न असेल त्याच दिवशी तो वसुलीला जायचा, कारण त्या दिवशी मालकाला पैसे नाहीत म्हणता येत नसे. मागच्या लग्नात मालकाने तरीही टाळलं, तेव्हा त्याने सरळ पेटीतले फ्यूज काढून खिशात घातले. मंगलाष्टकं चालू असतानाच माइक बंद पडला. मालकाला सगळ्या पाहुण्यांसमोर थोडे पैसे मोजावे लागले. हे त्याने बरं केलं असं मी म्हणणार नाही. पण शंभर खेटे घालून झाल्यावर माणूस काय करेल, हेही सांगता येत नाही.

विद्युत निरीक्षकांनी पेटी तपासली. दाराच्या आतल्या बाजूला रंग ताजा खरवडलेला होता. तिथे वायर जोडून नंतर काढली असावी, असा त्यांचा अंदाज होता. मालक म्हणाला, "जुनी पेटी हाय, उंदरांनी खाल्ली आसंल वायर." अंदाजावर अटक होत नाही. तपास तिथेच अडला.

मग एक दिवस देगलूरकडचा एक आचारी आपण होऊन ठाण्यात आला. त्या लग्नाचा स्वयंपाक त्याच्याकडे होता.

"साहेब, माझंबी बिल त्या मालकाकडं बाकी हाय. बोललो तर ते बुडालं. तरी बोलतो. त्या दिवशी पहाटंच मालक म्हणले, पेटीत करंट उतरून राहिलाय, हात लावू नका. बायांना तिकडं भांडीबी घासू दिली न्हाई."

मालकाला बोलावून घेतलं. चहा पाजला. आवाज चढवला नाही.

"पेटीत करंट आहे हे तुम्ही सगळ्यांना आधीच सांगितलं होतं म्हणे. चांगलं केलंत."

त्याची कळी खुलली. "हाव साहेब! आचारी, बाया, मांडववाला, समद्यांना बजावलं. कुणाच्या जिवाला धोका नको."

"आणि ज्याला दुरुस्तीला बोलावलंत, त्याला?"

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग खालमानेने म्हणाला, "दाराला वायर मीच जोडली. पुन्हा फ्यूज काढाया हात घातला की एक झटका बसावा, येवढंच मनात होतं साहेब. चारचौघांत माझी अब्रू काढली त्यानं. पैशाचं काय, कवाबी दिले असते."

शेवटचं वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. पैसे होते, फक्त द्यायचे नव्हते. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून त्याला अटक केली. पुढे शिक्षाही झाली.

अटकेनंतर मालकाच्या भावाने थकलेल्या बिलाचे पैसे पाकिटात घालून मृताच्या घरी पोहोचवले. त्याची बायको पाकीट घेऊन ठाण्यात आली. "हे घेतलं तर केस हलकी होईल का, साहेब?"

"ताई, ही त्यांच्या कामाची कमाई आहे. घ्या. केस सरकार चालवतं."

तिने पाकीट पदराखाली धरलं. जाताना विचारलं, "त्यांचा शर्ट कवा मिळंल?"

तो मुद्देमाल होता. निकाल लागेपर्यंत मिळणार नाही, हे मला तिला सांगावं लागलं.

आता मी नांदेडला असतो. घरी नळाचं, विजेचं काम निघतंच. आधी मीही सहज म्हणायचो, या उद्या-परवा. आता कारागीर हत्यारं पिशवीत भरत असतानाच पैसे हातावर ठेवतो. "साहेब, एवढी काय घाई?" तो हसून विचारतो. इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्या दाराशी उभा राहिलेला मला बघवणार नाही.